विसाव्या खोलीतली चौकट

"डावीकडे ढकल! अगं, डावीकडे!" भोपू इतक्या जोरात ओरडला, की खालच्या छापखान्यातून बाइंडर मावशींनी काठीनं छत ठोकलं.

"डावीकडे ढकलायचं तर पिंपाच्या उजव्या बाजूला जायला हवं," टाचणी म्हणाली. "कुठून जाऊ? भिंतीतून?"

"मग भिंत फोड."

"तूच फोड. नुसतं ओरडलास तरी फुटेल."

भोपूला भोपू का म्हणत, हे आता वेगळं सांगायला नको. टाचणी हे नाव आजोबांनी ठेवलेलं. ती अंगानं बारीक होती आणि एखाद्या गोष्टीत घुसली की लवकर निघत नसे. भोपू तिचा चुलतभाऊ, तो याच घरात राहायचा. ती सुट्टीपुरती आली होती. तिसरा पंक्चर. समोरचं सायकलींचं दुकान त्याच्या आईचं. बंद पडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायला लागत. छापखान्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेला जुना कॉम्प्युटर त्यानंच दोन दिवस खपून चालू केला होता.

कॉम्प्युटर कसला, नुसता एक जाडजूड कीबोर्ड. त्याला घरातला जुना टीव्ही जोडायचा. खेळ कॅसेटवर. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली की ती पाच मिनिटं कर्कश किंचाळायची, आणि मग नशिबात असेल तर पडद्यावर खेळ यायचा. खेळाचं नाव 'गुदाम'. एक हमाल, काही लोखंडी पिंपं आणि एक बंद शटर. सगळी पिंपं खुणेच्या चौकटींवर नेली की शटर उघडतं. पण हमालाला पिंप ढकलता येतं, ओढता येत नाही. एकदा कोपऱ्यात गेलं की गेलं.

मूळ खेळ तासाभरात संपला. खरी गंमत त्याच्या दुसऱ्या भागात होती. तिथं 'खोली बनवा' म्हटलं की रिकामी चौकटींची जाळी यायची आणि आपणच भिंती उभ्या करायच्या, पिंपं मांडायची, स्वतःचं गुदाम तयार करायचं. माळ्यावरच मुलांच्या एका मासिकाचे पस्तीस वर्षांपूर्वीचे गठ्ठे होते, आजोबांच्याच छापखान्यात छापलेले. त्यातल्या दर अंकात एका खोलीचं चित्र होतं, भिंतीच्या चौकटी काळ्या रंगवलेल्या, खाली 'आमच्या एका वाचक मैत्रिणीकडून' एवढंच. चित्र बघून खोली उतरवायची आणि सोडवायची. पाच दिवसांत तिघांनी एकोणीस खोल्या सोडवल्या. एकेक खोली अशी बेरकी, की सुटली की आपलीच आपल्याला शरम वाटावी, इतकं सोपं कसं दिसलं नाही म्हणून.

विसावीनं मात्र तीन दिवस घाम काढला होता. शेवटचं पिंप एका बोळात उभं होतं. ते डावीकडे न्यायचं, आणि बोळाची उजवी बाजू सगळीकडून बंद.

कंटाळून भोपूनं स्वतःची खोली बनवायला घेतली. दहा पिंपं, सगळी कोपऱ्यात. ही जगातली सर्वांत अवघड खोली, असं जाहीर करून त्यानं जतन करायचं बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं: 'आधी ही खोली स्वतः सोडवून दाखवा. मगच जतन होईल.'

"हा काय आगाऊपणा," भोपू म्हणाला.

टाचणी मात्र पडद्याकडे बघतच राहिली. विसावी खोलीसुद्धा त्यांना रोज नव्यानं काढावी लागत होती, जतन होतच नव्हती. तिनं बोटावर मोजल्यासारखं सावकाश मांडलं. जिनं या वीस खोल्या बनवल्या, तिनं त्या जतन केल्याच असणार. जतन केल्या म्हणजे आधी सोडवल्या असणार. मग विसावी खोली सुटत नाही असं होईलच कसं?

"कुणी बनवल्यात त्या?" पंक्चरनं विचारलं.

ते सांगितलं भोपूच्या बाबांनी, म्हणजे टाचणीच्या काकांनी. छापखाना आता तेच बघायचे. मुलं विसाव्या खोलीत अडकलीत म्हटल्यावर त्यांनी हसत हसत टेबलावरचं एक प्रूफ पुढं सरकवलं. छापखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून त्या मासिकातल्या निवडक पानांचं पुस्तक निघणार होतं. शेवटचं प्रूफ शनिवारी सकाळी तपासायचं आणि लगेच छपाई सुरू. पुस्तकात एक विनोदाचं पान होतं. त्यावर विसाव्या खोलीचं चित्र, शेजारी दोन वेण्यांतल्या चौदा वर्षांच्या मुलीचा फोटो आणि वर ठळक मथळा: 'बनवणारीच आत अडकली! चारशे वाचकांचं डोकं फिरवणारी बंद खोली.'

"ही तर आत्या," टाचणी म्हणाली.

"आत्याच. तेव्हा पत्रांचा पाऊस पडला होता. शाळेत पोरं तिला 'बंद खोली' म्हणूनच हाक मारायची. आता जुनी गोष्ट झाली, हसण्यावारी न्यायची," काका म्हणाले आणि फोन घ्यायला वळले.

आत्या त्याच घरात, मागच्या खोलीत राहायची. फरशांच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात कुठली फरशी कुठं बसेल, हे चौकटींच्या कागदावर आखून द्यायचं तिचं काम. घरात ती फारसं बोलत नसे. आत्या म्हणजे मुळातच घुमी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना टाचणीनं सरळ विषय काढला. आत्या, आम्ही तुझ्या एकोणीस खोल्या सोडवल्या, म्हणाली. आत्याचा हात ताटावरच थांबला. क्षणभर तिचा चेहरा फोटोतल्यासारखा झाला.

"आणि विसावी?"

"ती सुटत नाही."

"सुटते," आत्या म्हणाली. "माझी खोली सुटते."

"जेवताना नको तो विषय," आजोबा म्हणाले. आवाज चढवला नाही, पण सगळे मुकाट जेवायला लागले. आत्या अर्धं ताट टाकून उठली. टाचणीला फार वाईट वाटलं आणि रागही आला, पण कुणाचा ते कळेना. शनिवारी ते पान छापलं गेलं, की आत्याला पुन्हा सगळे हसणार होते. या वेळी फोटोसकट.

दुसऱ्या दिवशी तिघं संपादकांच्या घरी थडकली. ते मासिक हेच चालवायचे. आता निवृत्त होते, गोल गरगरीत आणि सदा प्रसन्न. स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसायची त्यांना सवय होती. त्यांनी मुलांना बसवलं आणि हवं ते सांगून टाकलं. हो, त्या मुलीनं वीस खोल्यांची चित्रं आणि सोबत एक कॅसेट पाठवली होती. नाही, कॅसेट आपण कधी लावून बघितली नाही; कॉम्प्युटर होता कुणाकडं? वाचक चित्रावरच बटणं सरकवून सोडवायचे; चित्रं छापली, काम झालं. कॅसेट चांगल्या कंपनीची होती, वाया कशाला घालवायची, म्हणून तिच्यावर स्वतःची भाषणं भरून घेतली.

"पुसली?" पंक्चर कळवळून म्हणाला. कुणी चालती सायकल भंगारात घातली असती, तरी तो इतका कळवळला नसता.

संपादकांनी कपाटातून कॅसेट काढून दिली. कुणाला चुकून पुसता येऊ नये म्हणून आत्यानं तिच्या कडेचा प्लॅस्टिकचा दात मोडून ठेवला होता. संपादकांनी त्या खाचेवर चिकटपट्टी लावून तोही बंदोबस्त मोडला होता. "न्या, ऐका माझी भाषणं. सुधाराल," ते म्हणाले.

जाता जाता टाचणीनं अगदी भाबडा चेहरा करून विचारलं, "सर, समजा, कुणी ती खोली सोडवली तर?"

संपादकांना हसू आवरेना. त्या हसण्याच्या भरातच त्यांनी कागद ओढला आणि लिहून दिलं, की ही विसावी खोली शनिवारी दुपारपर्यंत कुणी सोडवून दाखवली, तर ते पान काढून टाकीन आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर माफी छापीन.

"'तिनं बनवलेली विसावी खोली' असं लिहा ना सर," टाचणी म्हणाली. "वाचायला बरं वाटतं."

त्यांनी तेही लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

माळ्यावर येऊन त्यांनी कॅसेट लावली. पहिली चाळीस मिनिटं संपादक वाचनाचं महत्त्व सांगत होते. भोपूनं त्यांची हुबेहूब नक्कल केली, पण टाचणी हसली नाही. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, आणि खोल्या ओळीनं एकामागे एक भरलेल्या. भाषण अगदी शेवटापर्यंत पोचलं असेल, तर सगळंच संपलं होतं.

भाषण मध्येच तुटलं. मग खरखर, मग तो ओळखीचा किंचाळणारा आवाज, एका खोलीचा. तो थांबला आणि एक मुलगी बोलली.

"खोली वीस. शेवटची. हिला मला सहा दिवस लागले." मागं कुणीतरी जेवायला हाक मारत होतं. "आले गं," मुलगी म्हणाली आणि खुदकन हसली.

कॅसेटवर काय कुठं आहे ते सापडावं म्हणून पूर्वी लोक प्रत्येक खेळाआधी तोंडानं नाव सांगून ठेवत, हे पंक्चरनं ऐकलं होतं. पण आत्याला अशी खुदकन हसताना भोपूनं जन्मात ऐकलं नव्हतं, आणि तो तर रोज तिच्याबरोबर जेवत होता.

खोली काही पहिल्या झटक्यात आली नाही. चार वेळा आवाज संपला आणि पडदा कोराच राहिला. शेवटी पंक्चरनं सर्वांत बारीक स्क्रूड्रायव्हर आणला आणि टेपरेकॉर्डरच्या आतला एक स्क्रू केसभर केसभर फिरवत, मान तिरकी करून आवाज ऐकत बसला. किंचाळणं जरा स्वच्छ झालं. पाचव्या वेळी विसावी खोली पडद्यावर आली.

"सारखीच आहे," भोपू हिरमुसून म्हणाला.

"नाही," टाचणी म्हणाली. "उजवी भिंत बघ."

उजव्या भिंतीत एक चौकट मोकळी होती. एकच. टाचणीनं हमाल त्या फटीतून बाहेर काढला, मागून वळसा घातला आणि तो बोळाच्या उजव्या टोकाला, पिंपाच्या मागं येऊन उभा राहिला. पुढचं सोपं नव्हतं, दीड तास गेला, भोपूनं तीनदा चुकीचा सल्ला दिला. पण शेवटचं पिंप खुणेवर गेलं आणि शटर वर उचललं गेलं, तेव्हा खालून मावशींनी दोनदा काठी ठोकली तरी कुणी ओरडायचं थांबलं नाही.

म्हणजे छापलेल्या चित्रात ती चौकट काळी होती आणि आत्याच्या खोलीत मोकळी. ती भरली कुणी? तिघांचा संशय संपादकांवर. शोधायचं कुठं हे मात्र टाचणीला ठाऊक होतं. आजोबा कागदाचा कपटासुद्धा टाकत नसत. प्रत्येक अंकाचं मूळ साहित्य बांधून, वर महिना घालून ते मागच्या खणांत लावून ठेवलेलं असे. आणि छपाईला जाणारं प्रत्येक चित्र ते आधी भिंगाखाली तपासत. काळ्या भागात कुठं पांढरा ठिपका राहिला असेल तर बारीक कुंचल्यानं शाईनं भरत आणि कागदाच्या पाठीवर लिहून ठेवत, किती डाग भरले ते. 'आमच्या छपाईत डाग दाखवा' असं दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. टाचणी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या मांडीला मांडी लावून भिंगातून डाग शोधायची. एखादा सापडला की आजोबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "माझी नात शोभतेस." तिला जगात त्याहून मोठं बक्षीस ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी दुपारी आजोबा झोपले असताना तिनं तो गठ्ठा काढला. आत आत्याचं चित्र होतं, चौकटीच्या कागदावर शाईनं काढलेलं. टाचणीनं भिंग धरलं. उजव्या भिंतीतली ती चौकट काळी होती, पण तिची शाई वेगळी होती, जरा चकाकणारी, आणि कडेला कुंचल्याचा एक केस चिकटून वाळला होता. तिनं कागद उलटा केला. पाठीवर आजोबांच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं: 'डाग भरले – ४.'

तिनं मोजले. तीन अगदी सुईच्या टोकाएवढे. चौथा म्हणजे ती चौकट.

"त्यांना वाटलं असेल, पोरगी एक चौकट भरायची विसरली," पंक्चर हळूच म्हणाला. "चूक झाली. कुणाचीही होते."

तेवढंच असतं, तर गोष्ट इथंच गोड झाली असती. पण गठ्ठ्याच्या तळाशी आणखी एक पुडकं होतं, सुतळीनं बांधलेलं. हाताएवढ्या चिठ्ठ्या, हजारभर तरी असतील. सगळ्यांवर एकच मजकूर:

'शुद्धिपत्र. विसाव्या खोलीच्या चित्रात उजव्या भिंतीतील एक मोकळी चौकट छपाईच्या वेळी चुकून भरली गेली आहे. ती मोकळी समजावी. खोली बिनचूक आहे.'

वर बांधलेल्या कागदावर तारीख होती, अंक निघाल्यानंतर आठव्या दिवसाची. सुतळीची गाठ एकदाही सोडलेली नव्हती.

म्हणजे आजोबांना कळलं होतं. आठ दिवसांत कळलं होतं. चिठ्ठ्या जुळवून, छापून, कापून तयार केल्या, आणि मग एकही अंकात घातली नाही. भोपूनंसुद्धा हळू आवाजात विचारलं, "परत ठेवून देऊ या?" पंक्चर म्हणाला, मी घरचा नाही, मी काय बोलणार. टाचणी बराच वेळ पुडकं मांडीवर घेऊन बसली. मग तिनं ठरवलं. कॅसेट पुरेशी आहे. खोली सुटते एवढं दाखवू, ते पान काढून टाकतील, आत्याचं हसं टळेल. आजोबांचं कुणाला सांगायला नको. पण पुडकं मागं ठेवायलाही तिचा हात धजेना. तिनं ते दप्तरात टाकलं.

शनिवारी सकाळी छापखान्यात संपादक, आजोबा आणि काका प्रूफ घेऊन बसले होते. बाइंडर मावशी शेजारच्या टेबलावर कागद मोडत होत्या. मुलांनी टीव्ही, कीबोर्ड आणि टेपरेकॉर्डर खाली आणून मांडले. आत्या नव्हती, शनिवारी फरशांच्या दुकानात गर्दी असते. संपादकांना गंमत वाटली. स्वतःचं भाषण लागलं तेव्हा तर ते खुलून माना डोलवायला लागले. मग भाषण तुटलं, आणि दोन वेण्यांतली मुलगी छापखान्यात बोलली.

"हिला मला सहा दिवस लागले."

आजोबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

टाचणीनं खोली सोडवली. एकदाही चुकली नाही. शटर वर गेल्यावर तिनं संपादकांच्या सहीचा कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि छापलेलं चित्र त्याच्याशेजारी. संपादकांनी पडद्याकडे आणि चित्राकडे आलटून पालटून बघितलं. मग त्यांनी टाळ्या पिटल्या. शाब्बास, शाब्बास, पान काढलंच समजा, माफी काय, मी यावर लेखच लिहितो, 'माझ्या कॅसेटनं लावलेला छडा'!

"पण चौकट भरली कुणी?" काकांनी विचारलं.

मग आजोबा म्हणाले, "इतकी वर्षं झाली. त्या वेळी मशीनवर दादा होता. घाईत त्याचा हात लागला असेल."

मशीनवाले दादा सहा वर्षांपूर्वी वारले होते. बाइंडर मावशी त्यांच्या बायको. मावशींचे हात थांबले. त्यांनी मान वर केली नाही, नुसती कागदाची घडी पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या.

टाचणीनं आजोबांकडे बघितलं. त्यांनी आपल्याकडे बघावं, काहीतरी दुसरं बोलावं, म्हणून तिनं दहापर्यंत आकडे मोजले. आजोबा प्रूफ सारखं करत राहिले. तेव्हा तिनं दप्तर उघडलं आणि पुडकं टेबलावर ठेवलं.

काकांनी वरची चिठ्ठी ओढून मोठ्यानं वाचली आणि शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज बसला. आजोबांनी चष्मा लावून तीच चिठ्ठी हातात घेतली, उजेडात धरली. जुन्या सवयीनं ते डाग शोधत होते. सापडला नाही.

मग त्यांनी सांगितलं, कोरड्या आवाजात. त्याच महिन्यात परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायचं काम मिळणार होतं. तपासनीस येणार होते. चूक कबूल करणाऱ्या छापखान्याला तसलं काम मिळत नाही.

"मिळालं?" मावशींनी विचारलं.

"मिळालं. नऊ वर्षं."

"मालक, रात्ररात्र जागून ते काम ह्यांनीच ओढलं. आज त्यांच्या माथी चूक मारताना तुमची जीभ अडखळली नाही?" मावशींनी काठी उचलली, पदर सारखा केला आणि त्या घरी निघून गेल्या. अर्धे मोडलेले कागद तसेच पडले.

संपादकांनी घसा साफ केला, मुलं फार हुशार निघाली असं दोनदा म्हटलं आणि त्यांना अचानक एक काम आठवलं.

एक चिठ्ठी मुठीत धरून टाचणी पळत फरशांच्या दुकानात गेली. आत्या टेबलाशी उभी होती, पुढं चौकटींचा कागद, कुणाच्या तरी न्हाणीघराचा. टाचणीनं धापा टाकत सगळं सांगितलं. ते पान काढून टाकलं, संपादक माफी छापणार, खोली सुटते हे सगळ्यांनी बघितलं. आत्याचे डोळे भरून आले, आणि टाचणीला वाटलं, आता ती खुदकन हसणार. तिनं चिठ्ठी पुढं केली.

आत्यानं ती वाचली. पुन्हा वाचली.

"ही कधीची?"

"अंक निघाल्यावर आठ दिवसांनी."

"मी दहाव्या दिवशी बाबांकडे गेले होते," आत्या म्हणाली. "दुसरा कागद घेतला आणि सगळी खोली पुन्हा काढून दाखवली. ते म्हणाले, तूच चौकट उघडी ठेवायला विसरलीस, आता दुसऱ्यावर ढकलू नकोस. मला वाटलं, त्यांना कळत नाहीये. खेळ नवा, कॉम्प्युटर नवा, बाबांना काय कळणार." ती चिठ्ठीची कड बोटानं सरळ करत राहिली. "पस्तीस वर्षं तेच समजून राहिले गं. ज्याला कळलंच नाही, त्याच्याबरोबर जेवता येतं."

टाचणीला ती चिठ्ठी परत घ्यावीशी वाटली, गठ्ठ्यात घालून, गाठ मारून खणात ठेवून द्यावीशी वाटली. "मी दाखवायला नको होती का?" तिनं विचारलं.

"दाखवलीस ते बरोबर केलंस," आत्या म्हणाली. तिनं टाचणीचा खांदा घट्ट धरला. "चोख काम केलंत तिघांनी. माझ्या वेळी असं कुणी नव्हतं." मग एक गिऱ्हाईक आलं, आणि आत्यानं डोळे पुसून त्याला फरशांचे नमुने दाखवायला घेतले.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुडकं गाठ सोडून ठेवलेलं होतं. आजोबांनी दुपारभर बसून चिठ्ठ्या मोजल्या होत्या. नव्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत एक, ती मी स्वतःच्या हातानं घालणार, असं त्यांनी काकांना सांगितलं होतं. आत्या आली, तिनं स्वयंपाकघरात स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि कुणाकडे न बघता मागच्या खोलीत गेली. दार लोटल्याचा आवाज आला. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

आजोबा बराच वेळ त्या दाराकडे बघत होते. मग त्यांनी हात लांब करून टाचणीच्या डोक्यावर ठेवला.

"डाग बरोबर शोधलास," ते म्हणाले. "माझी नात शोभतेस."

टाचणीला रडू आलं, कारण तिचं त्यांच्यावर फार प्रेम होतं आणि ते अजूनही तसंच होतं. तिनं त्यांचा हात धरून अलगद खाली ठेवला आणि आपलं ताट उचललं.

"मी आत्याची भाची आहे," ती म्हणाली, आणि मागच्या खोलीचं दार वाजवायला गेली. भोपू क्षणभर बसून राहिला. मग त्यानंही ताट उचललं, आणि आवाज होणार नाही अशी खुर्ची मागं सरकवली.